शुभेच्छुकांत बाबांचा फोटो

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबला नवा कोच मिळाला, ही बातमी बाबांना नाक्यावरच्या बॅनरनं दिली. त्याआधी पंचवीस वर्षं कोच तेच होते. बातमी खरं तर मी द्यायची होती. काकांनी ते काम विश्वासानं माझ्याकडे सोपवलं होतं, मी हो म्हटलं होतं आणि मी ते केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा चार महिने मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

गाव अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या अंगाला. भाताच्या खाचरांवर आता टॉवर उभे राहिलेत, पण गावठाणातल्या चार आळ्या होत्या तशाच आहेत: वरची, खालची, देवळाची आणि तळ्याकडची. मैदान गावाच्या कडेला. त्याला लागून पाण्याच्या टाकीचा लांब कठडा आहे, तीच आमची गॅलरी. लग्न होऊन मी बदलापूरला मांजर्लीत राहायला गेले, कुळगावात गणिताच्या शिकवण्या घेते, पण मॅच असली की रविवारी सकाळी स्कूटी काढून कठड्यावर हजर. नवरा म्हणतो, हिला माहेरची ओढ फार. माहेरची कसली, रेफरीशी भांडायची ओढ.

क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये खालच्या गटात खेळायचा आणि त्या गटातही तळाला असायचा. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. बाबा टीम आळीवार निवडायचे. प्रत्येक आळीची किमान दोन पोरं, उरलेल्या तीन जागा पाळीपाळीनं. त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात चार रकाने, आणि कोणत्या आळीचा गोलकीपर मागच्या मॅचला होता याची नोंद. याला हसू नका. मी शाळेत असताना देवळाच्या सभामंडपावरून दोन आळ्यांत अशी जुंपली होती की हळदीकुंकवालासुद्धा बायका एकमेकींच्या दारात जात नव्हत्या. बाबांनी तेव्हा चारही आळ्यांची पोरं एका टीममध्ये कोंबली, आणि एकाच्या पासवर दुसऱ्यानं गोल मारायला लागल्यावर भांडण हळूहळू विझलं. ती पद्धत मग कायमची झाली. गावात शांतता नांदली आणि आमच्या गोलमध्ये बॉल नांदला.

कमिटीचे अध्यक्ष काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मागच्या हंगामात आम्ही एकही मॅच जिंकलो नाही, तेव्हा पोरांनीच काकांना गाठलं. अंबरनाथच्या एका शाळेत खेळ शिकवणारे एक तरुण सर होते, त्यांनी कोचिंगची परीक्षा दिलेली होती, त्यांना आणायचं ठरलं. ठरलं एका बुधवारी. त्याच दुपारी काकांचा मला फोन आला.

"दादाला तूच सांग, बाय. माझी जीभ उचलत नाय. तुझा तो ऐकतो."

मी म्हटलं, सांगते. गुरुवारी खास त्यासाठीच गेले. बाबा वही घेऊन बसले होते. नव्या हंगामासाठी त्यांनी पट्टीनं चार रकाने आखले होते आणि खालच्या आळीतली पोरं कामाला बाहेरगावी जातात, त्यांच्या जागी कोण, याचा त्यांना घोर लागला होता. मला म्हणाले, तुझ्या शिकवणीला येणारा कोणी खालच्या आळीतला असेल तर बघ. मी चहा प्यायले, काकूनं दिलेली भाजी पिशवीत घातली आणि परत आले.

शुक्रवारी काकांचा पुन्हा फोन. "सांगितलास ना?"

समोर मुलं बसली होती. मी म्हटलं, "हो काका, सांगितलं."

"काय बोल्ला?"

"काही नाही. ठीक आहे म्हणाले."

बाबांचं उत्तरही मीच बनवून दिलं. शनिवारी संध्याकाळी जाऊन खरंच सांगायचं असं मनाशी पक्कं होतं. शनिवारी गेले नाही. काम होतं, पाहुणे आले, असलं काही सांगणार नाही. मी भ्याले.

इकडे काकांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी लगेच बॅनरवाल्याला फोन केला. आमच्याकडे कोणाचं काही बरं झालं की नाक्यावर बॅनर लागलाच पाहिजे. दहावी पास झालेल्याचा लागतो, पोलिसात भरती झालेल्याचा लागतो, नव्या बुलेटचासुद्धा लागलेला आहे. बॅनरवाल्यानं गणपतीतला जुना बॅनर कॉम्प्युटरवर उघडला, मधला गणपती काढून तिथे नव्या सरांचा फोटो घातला, 'प्रशिक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असं लिहिलं आणि खालची शुभेच्छुकांची रांग तशीच ठेवली. त्या रांगेत तिसरे बाबा होते. माझ्या लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू मावत नाही.

रविवारी सकाळी बाबा दूध आणायला नाक्यावर गेले, आणि स्वतःच्या जागी आलेल्या माणसाचं आपण हात जोडून अभिनंदन करतोय, हे त्यांनी वर बघून वाचलं.

पुढचं काकूनं फोनवर सांगितलं. बाबा आणि काका एकाच घरात राहतात, बाबा खाली, काका-काकू वर. आई गेल्यापासून बाबांचं ताट काकूच वाढते. सकाळी दोघं भाऊ ओट्यावर बसून तांदळाची भाकर आणि सुकट खायचे, एकाच ताटात, ही त्यांची पोरवयापासूनची सवय. त्या दिवशी बाबांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि काकांना एवढंच म्हणाले, "माझ्याकडनं अभिनंदन पन करून टाकलास. बरा केलास." मग आपली भाकर उचलून आत गेले आणि दार ओढून घेतलं.

मी पोचले तेव्हा काका ओट्यावर एकटे बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता हे उठून दार ठोठावतील आणि म्हणतील, दादा, तुला सांगून झालंय असं तुझ्या पोरीनंच मला सांगितलं. त्यांना तो हक्क होता. ते म्हणाले, "तू यात पडू नको." बस. आणि मी पडले नाही. माझ्या आयुष्यात इतक्या आज्ञाधारकपणे मी दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

त्या दिवसापासून बाबांनी मैदानाकडे पाठ फिरवली आणि काकांशी बोलणं टाकलं. माणूस घरात, ताट घरात, पण दोघांत शब्द नाही. जिन्यापाशी समोरासमोर आले तर बाबा भिंतीकडे बघत उभे राहायचे आणि काका खाली मान घालून निघून जायचे. काकू बिचारी सकाळी दोन ताटं करायची.

कठड्यावर मात्र बोलण्याला खळ नव्हता. नवे सर आपल्याला सूट होतात की नाही, हा एकच विषय. आमच्याकडे सूट होणं हा शब्द औषधासाठी वापरतात. अमक्या डॉक्टरची गोळी सूट होते, तमक्याची होत नाही. सरांचंही तसंच चाललं होतं.

सरांनी पहिले दोन आठवडे पोरांना बॉलला हातच, म्हणजे पायच, लावू दिला नाही. नुसतं पळवलं. मॅचच्या आधी वडापाव बंद, केळी खायची. शनिवारी गावात कोणाची हळद असली तर पोरांनी जेवून घरी यायचं, नाचायचं नाही. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण, त्यात नाचायचं नाही म्हणजे जायचंच कशाला? पण या सगळ्यापेक्षा मोठा गुन्हा म्हणजे सरांनी पहिल्या मॅचला वरच्या आळीची सहा पोरं घेतली आणि तळ्याकडच्या आळीचं एकही नाही. त्यांना कोणी आळ्या सांगितल्याच नव्हत्या. त्यांनी फक्त पोरं बघितली.

त्या मॅचला तळ्याकडच्या आळीतली वहिनी, जिचा मुलगा बाहेर बसला होता, कठड्यावर उभी राहून बोलली, "ह्या मास्तरला सांगा, पानी आमच्या आळीच्या नळाचा पितंय तो."

आम्ही हरलो. पुढचीही हरलो.

"नाय सूट होत," वहिनी म्हणाली.

"अगं, गोळीचा कोर्स पुरा करायला लागतं," काका म्हणाले. सरांना त्यांनी आणलेलं, त्यांना बाजू घेणं भागच होतं. "दोन गोळ्यांत ताप उतरतंय का?"

"ताप वाढला तर?"

यावर उल्हासनगरच्या शेठनी तोंड घातलं. शेठ सिंधी, त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. कधीकाळी गावात प्लॉट बघायला आले होते, प्लॉटचं जमलं नाही, पण त्या दिवशी मॅच चालू होती आणि तेव्हापासून ते दर वेळी येतात. "साईं, देखो," ते म्हणाले, "नवीन मास्टर कटिंगला आला ना, तर पहिला लॉट खराब जातोच. माझा पण गेला होता. मास्टरला काढला असता, तर आज मी पण घरी असतो."

"आमची पोरं काय जीन्स हायत?" वहिनीनं विचारलं, आणि सगळे हसले, शेठ सर्वांत जास्त.

मी या वादात कोणाच्या बाजूची होते? मी सरांच्या विरुद्ध होते, आणि कडकडून. त्यांच्या गळ्यातली शिट्टी मला आवडायची नाही, त्यांचं 'बाळांनो, अंतर ठेवा' आवडायचं नाही, त्यांनी मैदानावर मांडलेले केशरी शंकू आवडायचे नाहीत. आमचा गोल झाला नाही की मला बरं वाटायचं. समोरच्यांनी आम्हाला चौथा गोल मारला तेव्हा माझ्या तोंडून 'वा' निघालं. शेठनी वळून बघितलं. "बेटी, तू किसकी साइड है?" मी म्हटलं, चांगल्या खेळाला दाद दिली. पण खरं तर मला सर हरायला हवे होते. ते हरले असते तर बाबांना परत बोलावलं असतं, आणि मी जे सांगितलं नव्हतं ते सांगायची वेळच आली नसती. दोष माझा आणि राग त्या भल्या माणसावर.

भले तर ते होतेच. एकदा ते स्वतःहून बाबांना भेटायला घरी आले. मी नेमकी तिथे होते. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, त्यांचं मूळ गाव विचारलं, तिथे पाऊस कसा होता विचारलं, त्यांच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी केली. सर पाऊण तास बसले. फुटबॉल हा शब्द निघाला नाही. निघताना सर वाकून पाया पडले आणि बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "जिन्यात अंधार हाय, सावकाश जा." आम्ही तळमजल्यावर होतो, तिथून बाहेर पडायला जिना लागतच नाही. बाबा किती गडबडले होते ते मला तेव्हा कळलं, आणि मी तरीही गप्प बसले.

दिवस गेले. पोरांचा दम वाढला. शेवटच्या पंधरा मिनिटांत पूर्वी आमची पोरं कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, ती आता पळायला लागली. एक मॅच बरोबरीत सुटली, मग आणखी एक. वहिनीच्या मुलाला सरांनी मागे खेळवून बघितलं आणि तो तिथे भिंतीसारखा उभा राहिला, तेव्हापासून वहिनी सरांना घरून पेज पाठवायला लागली. आळ्यांचा हिशेब कोणी काढेनासं झालं. भांडण मिटून इतकी वर्षं झाली होती की त्या रकान्यांची गरज केव्हाच संपली होती. हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, बाहेरून आलेल्या माणसाच्या आलं.

आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही जिंकलो. दोन-एक. दुसरा गोल अगदी शेवटाला झाला. कॉर्नरवरून बॉल आला, वहिनीच्या मुलानं डोकं लावलं, आणि कठडाच्या कठडा उठून उभा राहिला. शेठनी टोपी हवेत उडवली, ती टाकीच्या पलीकडे गेली. मीसुद्धा ओरडले, सगळं विसरून ओरडले. आणि काका उडी मारून डावीकडे वळले, हात वर करून म्हणाले, "दादा, बघितलास?"

डावीकडे बाबांची जागा होती, कोच असताना ते तिथूनच ओरडायचे. चार महिने तिथे कोणी बसलं नव्हतं, कितीही गर्दी झाली तरी लोक तेवढी जागा सोडून बसायचे. काकांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी त्याच हातानं डोकं खाजवलं आणि माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मला ते हसू बघवेना. या माणसानं माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि त्यापायी भाऊ गमावून बसला होता, आणि वर माझ्याकडे बघून हसत होता.

मी कठड्यावरून उतरले आणि तडक घरी गेले.

बाबा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. "जिकलं वाटतं," ते म्हणाले. "हरल्यावर एवढा कोनी वरडत नाय."

मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच बोलले. "बाबा, काकांनी तुम्हाला आधी सांगायचं ठरवलं होतं. ते काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं नाही, आणि सांगितलं म्हणून त्यांना खोटं बोलले. त्यांना वाटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणून बॅनर लागला."

बाबांनी हातातली शेंग सोलली. दुसरी घेतली, तीही सोलली. "कवा सांगायचा व्हता?"

"त्याच्या आधीच्या गुरुवारी मी आले होते ना, त्यासाठीच आले होते."

"मी वही आखत बसलो व्हतो."

"हो."

"मग तो बोल्ला का नाय? चार महिने तोंडात काय घालून बसला?"

"तुम्ही माझ्यावर रागवाल म्हणून."

मी ओरडा खायच्या तयारीनं उभी होते. लहानपणी बाबांचा आवाज चारही आळ्यांत ऐकू जायचा. ते ओरडले नाहीत. त्यांनी परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "येडा." काकांना म्हणाले, मला म्हणाले की स्वतःला, हे मी अजून विचारलेलं नाही. मग ते दारातच काकांची वाट बघत उभे राहिले. काका मैदानावरून आले, बाबांना दारात बघून थबकले. बाबांनी फक्त मान हलवली आणि दोघं पुढे-मागे जिना चढून वर गेले.

मी खालीच राहिले. अर्धवट राहिलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. मग वरून एकदम भांडण ऐकू आलं.

"त्या डाव्या पायाच्या पोऱ्याला उजवीकडं कशाला ठेवतंय तुझा मास्तर?" हा बाबांचा आवाज.

"तुला कोनी सांगितला?"

"तुझी बायको सांगते मना. ताट वाढताना अख्खी मॅच सांगते."

काकूला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. नंतर कळलं की ती फक्त शर्टाचे नंबर आणि कोण पडला एवढंच सांगायची, आणि बाबा त्यावरून सगळी मॅच जुळवायचे.

"मी पन तेच बोलतंय त्याला," काका म्हणाले. "ऐकत नाय. डोका हाय का त्या मास्तरला?"

"ए, असा बोलू नको. नवीन हाय. शिकंल. पोरांना पळायला त्यानं शिकवला, मना नाय जमला पंचवीस वर्सांत."

म्हणजे आता काका सरांच्या विरुद्ध आणि बाबा सरांच्या बाजूनं. मी खाली ओट्यावर एकटी बसून हसत होते आणि डोळे पुसत होते.

काकूनं वरून हाक मारली, जेवायला ये. रविवारचं मच्छीचं जेवण होतं. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले होते, मला त्यांच्या समोर पाट मांडला. बराच वेळ दोघं उजवी बाजू आणि डावी बाजू करत होते. मग मीच धीर करून विचारलं, "बाबा, म्हणजे सर आपल्याला सूट होतात तर?"

"व्हतंय," बाबा म्हणाले. "मीच दोन वर्सां आधी सोडायला पायजे व्हता. मना पन कळत व्हता. कोनी येऊन बोल्ला असता, दादा आता बस, तर त्याच दिवशी वही देऊन टाकली असती."

काकांनी भात कालवायचा थांबवला. मला वाटलं, वादळ गेलं, आणि मी हलकी होऊन म्हटलं, "चला, मिटलं एकदाचं."

"मिटला," बाबा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी एकाहत्तर, हा सदुसष्ट. आमच्याजवळ आता महिने किती उरलं ते कोनाला माहीत? त्यातलं चार तू घेतलंस, बाय."

एवढं बोलून त्यांनी आपल्या ताटातला सुरमईचा मधला तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि परत काकांकडे वळले. मी तो खाल्ला. सगळा खाल्ला.